शिपवी

३ मार्च, सोमवार

नातीनं ही वही आणून दिली. म्हणाली, "आजी, रोज चार ओळी लिहीत जा. हात सुटेल." माझा हात आजवर कुणावर सुटला नाही असं नाही, पण तिला तसं म्हटलं नाही.

ती शिक्षिका व्हायला शिकते आहे. शिकवायला कुणीतरी लागतं, आणि घरात पळून जाऊ न शकणारी मी एकटीच. म्हणून तिला मी मास्तरीण म्हणते. दर रविवारी लाल पेनानं वही तपासणार आहे. मी चौथीत शाळा सोडली. शाळेनं मला सोडलं म्हटलं तरी चालेल.

आज दोन शिपव्या शिवल्या. दवाखान्यातून टाकून दिलेल्या चादरी धाकटा आणतो, त्यांच्या शिवते. निळ्या काठाच्या, कोऱ्या वाटाव्यात अशा असतात. एवढ्या चांगल्या चादरी लोक टाकतात कशा कोण जाणे. माझ्या शिपवीचे बंद दुहेरी टाक्याचे असतात, दहा किलो घाला, हूं की चूं करत नाहीत. शेजारीण एक घेऊन गेली. "छान आहे हो," म्हणाली. छान आहे ते मला माहीत आहे, बाई, परत कधी आणतेस ते सांग.

घरात थोरला, त्याची बायको, त्यांची ही मास्तरीण, धाकटा आणि मी. थोरला दवाखान्यात लिफ्ट चालवतो. धाकटा तिथंच गोदाम सांभाळतो. त्याला थोरल्यानंच साहेबांच्या हातापाया पडून तिथं लावलं. धाकट्याचं लग्न व्हायचं आहे. त्याला शोभेल अशी मुलगी अजून जन्माला यायची आहे.

७ मार्च, शुक्रवार

थोरल्याला कामावरून घरी बसवलं. झालं असं की मोठ्या साहेबांना आपलं नवं कपाट लिफ्टमधून वर न्यायचं होतं, आणि खाली स्ट्रेचरवर एक पेशंट थांबला होता. थोरला म्हणाला, आधी माणूस, मग लाकूड. साहेब चिडले. हा वर चार लोकांसमोर म्हणाला, "एक दिवस सगळ्यांना जिन्यानं उतरायची वेळ येईल, तेव्हा लिफ्टवाल्याची आठवण येईल."

मी म्हटलं, "न्यायचं होतंस कपाट. तो पेशंट काय पळून जाणार होता?"

"आई, त्याचा श्वास अडकला होता."

"आता तुझा पगार अडकला."

धाकटाही आज घुम्यासारखा बसला आहे. मंगळवारी गोदामाची तपासणी आहे म्हणे. बाहेरचे लोक येऊन एकेक वस्तू मोजणार. दोनदा विचारलं, काय झालं रे, तर म्हणाला, "आई, थोडे दिवस चादरी मिळणार नाहीत."

९ मार्च, रविवार

वही तपासून झाली. अकरा चुका. त्यातल्या दोन 'शिपवी'च्या. मास्तरणीनं दोन्हीवर लाल गोल काढले आणि शेजारी वळणदार अक्षरात 'पिशवी' लिहिलं.

मी म्हटलं, "आपल्या घरात असंच म्हणतात."

"आपल्या घरात म्हणजे तू आणि काका. बाबा कुठं म्हणतात?"

मग तिला सांगितलं. धाकटा दोन वर्षांचा असताना त्याला पिशवी म्हणता यायचं नाही, शिपवी म्हणायचा. मला ते गोड वाटलं, मीही म्हणू लागले आणि ते तसंच राहिलं. थोरला तेव्हा आठ वर्षांचा. तो माझ्या पोटचा नव्हे. यांची पहिली बायको बाळंतपणात गेली, तिचा तो. मी या घरात आले तेव्हा तीन वर्षांचं शेंबडं पोर पदरात पडलं. तर हा एकदा धाकट्याला हसला. "शिपवी नाही रे येड्या, पिशवी." धाकट्यानं भोकाड पसरलं. माझ्या हातात उलथनं होतं, तव्यावरचंच. ते याच्या मनगटावर ठेवलं. ठेवलं म्हणजे टेकवलं. डाग अजून आहे, बसलेल्या माशीएवढा.

त्या दिवसापासून थोरल्यानं दोन्ही शब्द सोडले. थैली म्हणतो. एकदा सांगितलेलं त्याला कळतं, एवढा गुण त्याच्यात आहे.

मास्तरणीनं लाल पेनाला टोपण लावलं. पुढच्या चुका सांगितल्याच नाहीत.

११ मार्च, मंगळवार

धाकटा दुपारी बारालाच घरी आला. उभ्या उभ्या तीन ग्लास पाणी प्यायला. मग सांगितलं.

सकाळी दहाला दवाखान्यात कुणाचा तरी फोन आला, तिसऱ्या मजल्यावर बॉम्ब ठेवलाय म्हणून. दवाखान्याच्या खानावळीत कुणाचा तरी मोबाईल राहिला होता, त्यावरून केला होता. सगळा दवाखाना जिन्याकडे धावला. लिफ्ट बंद होती, कारण थोरल्याच्या जागी अजून कुणी नेमलेलंच नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर इस्त्रीवाली पडली. धुलाईखात्यात चादरींना इस्त्री करायची ती. तिच्यावरून चाळीसएक माणसं गेली. वर बॉम्ब नव्हता. काहीच नव्हतं.

मी तिला ओळखत होते. चादरीची घडी अशी घालायची की पट्टीनं आखल्यासारखी. मूल नाही, नवरा नाही. रडायलाही कुणी नसणार.

"आणि तपासणी?" मी विचारलं.

"पुढं ढकलली," धाकटा म्हणाला आणि जेवायचं नाही म्हणून सांगितलं. हळवा आहे तो.

१३ मार्च, गुरुवार

थोरल्याला पोलीस घेऊन गेले. दवाखान्यात फोन उचलणाऱ्या बाईनं सांगितलं की आवाज लिफ्टवाल्यासारखा वाटला. त्यात चार लोकांसमोर जिन्याचं बोलून बसला होता.

सून रडते आहे. रडण्यानं काय होतं? डोळे बिघडतात. मी म्हटलं, त्यानं केलं नसेल तर सुटेल, केलं असेल तर आपल्याला आधी कळायला हवं होतं. त्यावर तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू फोन मीच केला.

१९ मार्च, बुधवार

थोरल्याच्या आवाजाचा नमुना घेतला. फोनवरचं बोलणं कुणीतरी कागदावर टाइप केलं होतं, ते त्याला दहा वेळा वाचायला लावलं. सून तो कागद बघून आली: "तिसऱ्या मजल्यावर पिशवी ठेवली आहे. पंधरा मिनिटं आहेत. सगळ्यांना जिन्यानं उतरवा."

दहाही वेळा तो एकाच शब्दाशी अडखळला म्हणे. पिशवी. तिथं आला की जीभ थांबायची. तपासावर एक मिशीवाला अधिकारी आहे. त्यानं लगेच टिपून घेतलं की आरोपी नेमका बॉम्बच्या पिशवीशी चाचरतो.

मला हसू आलं. उलथन्याला चाचरतो तो.

आज एक शिपवी शिवली. उरलेल्या चादरीतली शेवटची.

२७ मार्च, गुरुवार

मला बोलावणं आलं. घरातल्या माणसानं आवाज ऐकून सांगावं म्हणे. पोलीस कचेरीत एक लांबट खोली, खिडकीला दुधी काच, टेबलावर यंत्र. यंत्राजवळ प्रयोगशाळेतली बाई, कानावर मोठाली कानझाकणं लावून. तिला मी मनात कानवाली म्हटलं. समोर मिशीवाला. आणि भिंतीला टेकून थोरला, दाढी वाढलेला.

मिशीवाला म्हणाला, "आजी, यंत्रानं निकाल दिलाय. चारशे."

"शंभरातले?"

कानवाली हसली नाही. ती म्हणाली, "आजी, यंत्र 'हाच तो' असं कधी म्हणत नाही. फोनवरचा आवाज आणि यांचा आवाज ते शेजारी शेजारी ठेवतं. मग सांगतं की हे जुळणं कुणा परक्या माणसापेक्षा यांच्या बाबतीत चारशेपट संभवतं. परक्यापेक्षा. भाऊ असेल तर गोष्ट वेगळी. एकाच बापाचे, एकाच घरात वाढलेले. त्यांचे गळेही सारखे आणि चालही सारखी. यांना भाऊ आहे का?"

"आहे," थोरला म्हणाला.

"आहे," मी म्हटलं, "पण त्याचा आवाज बारीक आहे."

"आणि शब्द?" मी विचारलं. "यंत्राला शब्द कळतात का?"

"नाही. यंत्र गळा ऐकतं. शब्द त्याच्या लेखी नुसते आवाज."

मग त्यांनी ते लावलं. बावीस सेकंद. मागं भांड्यांचा खडखडाट, मधे खरखर. मिशीवाल्यानं माझ्यासमोर टाइप केलेला कागद ठेवला, वाचत ऐका म्हणाला. तिसऱ्या मजल्यावर पिशवी ठेवली आहे. पिशवीच होतं. कागदावर पिशवीच आहे.

थोरला यंत्राकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता. पाच वर्षांचा असताना ताटातलं संपल्यावर बघायचा तसं.

मी पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हटलं, "याचाच आवाज."

"नक्की?"

"मी वाढवलाय त्याला. चारशेपट नक्की."

मिशीवाल्याला ते फार आवडलं. दोनदा लिहून घेतलं.

२८ मार्च, शुक्रवार

आजपासून उशांचे अभ्रे शिवायचं ठरवलं आहे. पिशव्यांचा कंटाळा आला. पिशवीत काय आहे एवढं? तीन बाजू शिवा, बंद लावा. अभ्र्याला कसब लागतं.

टेबलावर खळ होती, अभ्र्यांना लावायला केलेली. वहीवर सांडली. ९ तारखेची दोन पानं चिकटली. सोडवायला गेले तर फाटतील, म्हणून तशीच वाळू दिली. पहिल्या पानावर शाईही सांडली. म्हातारीचे हात.

४ एप्रिल, शुक्रवार

कानवालीनं हट्टच धरला, म्हणून धाकट्याच्या आवाजाचाही नमुना घेतला. तो तीन दिवस बर्फ चघळत होता. उकाडा आहे, मुलं ऐकत नाहीत. मीच दोनदा आणून दिला. परवा मला म्हणाला, घराबाहेर मोकळ्यावर जाऊन जरा मोठ्यानं गातो. म्हटलं, गा. आज त्याचा घसा असा बसला होता की बैल हंबरतो आहे असं वाटावं.

यंत्रानं त्याला अकरा दिले.

कानवाली म्हणाली, हा नमुना धरता येणार नाही, घसा सुटल्यावर परत घ्या. मिशीवाला म्हणाला, चारशे आणि अकरा, लहान मुलालाही कळतं.

मला त्या अधिकाऱ्याचं कौतुक वाटतं. पहिल्या घासाला पोट भरणारी माणसं जगात कमी.

१५ एप्रिल, मंगळवार

थोरल्याला भेटून आले. सून म्हणाली, त्यानं तुम्हालाच बोलावलंय. जाळीच्या पलीकडे तो, अलीकडे मी. गजांना ताजा हिरवा रंग दिलेला, त्याचा वास.

"सध्या काय शिवतेस, आई?"

"अभ्रे."

"आणि आधी काय शिवायचीस?"

"तुला माहीत नाही?"

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"थैल्या," मी म्हटलं.

तो हसला. खळखळून नव्हे, नाकातून. पहारेकऱ्यानं वळून बघितलं.

"माझा शब्द घेतलास," म्हणाला. "बाकी सगळं तुझं नि त्याचं झालंच होतं. एवढा एक माझा राहिला होता."

मग त्यानं मनगट जाळीला लावून धरलं, बराच वेळ. डाग माझ्या तोंडासमोर. मी म्हटलं, हात खाली घे, रंग लागेल. घेतला नाही. रंग लागला.

आतल्या हवेनं माणूस असंबद्ध बोलायला लागतो, हे ऐकून होते. खरंच आहे.

२० जून, शुक्रवार

मास्तरीण वकिलाकडून आली ती सरळ माझ्या खोलीत. बसली नाही.

"आजी, प्रयोगशाळेतल्या बाईंनी कागद न बघता ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना वेगळाच शब्द ऐकू आला होता. तुझा आणि काकांचा. त्यांनी लिहूनही ठेवला होता. पण असा शब्दच नाही म्हणून सोडून दिला. त्या म्हणतात, हातात कागद आला की कान कागदच ऐकतो. टाइप करणाऱ्यानं चूक समजून सुधारलं आणि तेव्हापासून सगळे सुधारलेलंच ऐकताहेत."

"मग?"

"मी सांगितलं की आमच्या घरात हा शब्द आहे. काका म्हणतात. वकील म्हणाले, तू आरोपीची मुलगी, तुझं कोण ऐकणार? हा शब्द घरात आहे हे काकांच्या आईनं सांगायला हवं. नाहीतर त्या फोनच्या आधीचं कुठंतरी लिहिलेलं हवं." मग म्हणाली, "वही कुठंय, आजी? मी लाल गोल केले होते."

तिनं तो शब्द चार वेळा म्हटला. मी तो इथं लिहीत नाही. नसलेला शब्द काय लिहायचा?

"वहीवर शाई सांडली," मी म्हटलं.

"दाखव."

"माझी वही आहे. तपासायला देत होते तो माझा मोठेपणा होता."

"आजी, बाबांना दहा वर्षं होतील."

"आणि तुझ्या काकांना झाली तर मला कोण सांभाळणार? तुझी आई?"

हे बोलायला नको होतं, असं आता वाटतं. म्हणजे खोटं म्हणून नव्हे. उगाच तोंडातून गेलं. ती गेल्यावर वही गादीखाली ठेवली. आता त्या जागी पाठ टेकली की टोचते.

३० ऑगस्ट, शनिवार

मास्तरीण आणि सून माझ्याशी बोलत नाहीत. घर शांत झालं. सुनेच्या बोलण्यात ऐकण्यासारखं कधी काही नव्हतंच.

धाकटा आणि मी बोलतो, पण जपून. काल बाजारात जाताना म्हणाला, "आई, ती दे."

"कुठली?"

"ती गं. सामान आणायची."

दाराला अडकवलेली काढून दिली. त्या वस्तूला घरात आता नावच राहिलेलं नाही. ती दे, ती आण, ती टांग. मी पिशवी म्हणून बघितलं, तर धाकट्यानं मान दुसरीकडे वळवली. मलाही दुसऱ्याचे दात लावल्यासारखं वाटलं.

गोदामाची तपासणी झाली एकदाची. तीनशे चादरी कमी. इस्त्रीवालीनं नेल्या असं ठरलं. ती काय आता उठून नाही म्हणणार आहे?

त्या दिवशी धाकटा पोटभर जेवला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

कोर्टात साक्ष दिली. पिंजरा म्हणतात तसा नसतो, नुसता लाकडी कठडा. आत उभं राहिलं की छातीपर्यंत झाकलं जातं, तेवढं बरं.

माझ्या आधी कानवाली होती. तिनं मोकळेपणानं सांगितलं की यंत्राचा आकडा परक्यांशी तुलना करून येतो, सख्ख्या रक्ताच्या बाबतीत तो फसू शकतो, आणि धाकट्याचा नमुना बसलेल्या घशाचा होता. सरकारी वकिलानं विचारलं, "चारशे हा आकडा तुमच्याच यंत्राचा ना? हो की नाही?" ती म्हणाली, "हो, पण." तो म्हणाला, "पण नको." चांगला वकील आहे.

मग आमचा वकील माझ्याकडे वळला. "आजी, तुमचा धाकटा मुलगा पिशवीला काय म्हणतो?"

"पिशवी."

"आणि तुम्ही?"

"मी बाई, थैली."

"लहानपणी तो काही वेगळं म्हणायचा?"

"लहानपणी सगळीच मुलं काहीही म्हणतात. तुम्ही काय म्हणायचात?"

लोक हसले. न्यायाधीशही हसले असावेत, चष्मा पुसत होते. थोरला हसला नाही. त्याच्या बाहीवर तो हिरवा रंग अजून होता. जेलमध्ये कपडे नीट धूत नाहीत.

बाहेर आल्यावर कानवाली जिन्यात भेटली. माझा हात धरून उतरवायला लागली. म्हणाली, "आजी, रोज शेकडो आवाज ऐकते मी. खोटं बोलताना बहुतेकांचा आवाज चढतो. तुमचा उतरतो."

"वय झालं," मी म्हटलं. "सगळंच उतरतं."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

परवा निकाल. धाकट्यानं विचारलं, "आई, तुला वाईट वाटतं का?"

"कशाचं?"

"दादाचं."

मी म्हटलं, दादा तुझा. माझा तो कोण? मग त्याला विचारलं, "तुला?"

तो म्हणाला, "ती इस्त्रीवाली मला रोज हाक मारायची. साहेब म्हणायची. मला कुणी साहेब म्हणत नाही."

म्हटलं, विसर आता. दूध पी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी उठले तर खिळ्यावर माझी पिशवी नाही. तिच्यात माझ्या छातीच्या गोळ्या असतात, जिभेखाली ठेवायच्या. धाकटा कामावर गेलेला. मास्तरीण कॉलेजला गेलीच नव्हती. जेवणाच्या टेबलाशी बसली होती, मोबाईल समोर, त्यावर लाल ठिपका लुकलुकत होता.

पाच महिन्यांनी तोंड उघडलं. "काय शोधतेस, आजी?"

"गोळ्या."

"गोळ्या कशात असतात?"

"तुला माहीत आहे."

"म्हण म्हणजे देते. एकदाच म्हण."

"थैलीत."

"थैली बाबांची. तुझं सांग."

"पिशवीत."

"ते माझ्या लाल पेनाचं. तुझं सांग, आजी."

माझं रक्त नाही तिच्या अंगात, तरी कशी बोलते बघा. मी खुर्ची ओढून समोर बसले. अभ्रा हातात घेतला आणि टाके घालू लागले. दहा वाजले, अकरा वाजले. छातीवर कुणीतरी हळूच पाट ठेवल्यासारखं वाटायला लागलं. मग पाटावर बसल्यासारखं. डाव्या हाताला मुंग्या. सुई दोनदा बोटात गेली.

सून दारात आली. "दे गं तिला. काही झालं म्हणजे?"

"बाबांना हिनं दिलं का काही?" मास्तरीण म्हणाली. पोरीचा ओठ थरथरत होता पण आवाज थरथरला नाही. मला क्षणभर वाटलं की ही माझ्यावर गेली आहे. पण तसं कसं असेल?

बारा. साडेबारा. ती म्हणाली, "आजी, घामानं भिजलीस."

"उकडतंय."

"एक शब्द आहे गं. तीन अक्षरं."

"मला चार अक्षरांचाच माहीत आहे. मास्तरीण, तुझं कॉलेज बुडतंय."

 

एक वाजता म्हणे माझे ओठ निळे झाले. ती उठली आणि रडत रडत स्वतःच्या बोटांनी गोळी माझ्या जिभेखाली ठेवली. बोटं गार होती. मग जमिनीवर बसून माझ्या गुडघ्याला कपाळ लावून म्हणाली, "उद्या त्यांना नेतील, आजी. तुझ्याजवळ लपवण्यासारखं काही नसेल तर मग वही का देत नाहीस?"

 गोळी विरघळत होती.

आता चार वाजलेत. छाती मोकळी झाली आहे आणि डोकंही. बसून विचार केला. पोर म्हणते त्यात तथ्य आहे. वही लपवली म्हणूनच संशय. मग आख्खी वही पहिल्या पानापासून चाळली. पहिल्या पानावर शाई आहे, पुढची दोन पानं खळीनं चिकटली आहेत, त्याला मी काय करणार? १९ मार्चच्या पानावर शेवटच्या ओळीवरही एक थेंब पाडून घेतला. बाकी सगळीकडे जे आहे ते जगासारखं आहे. माझ्या बोलण्यात कुठं खोट नाही.

आणि हरले नाही मी. तीन तास माझ्यासमोर बसली, मोबाईल लावून बसली, आणि शेवटी आपणच रडत माझी शिपवी माझ्या मांडीवर आणून ठेवली. माझ्या तोंडून तिला एक अक्षर काढता आलं नाही.

उद्या सकाळी कोर्टात निघण्याआधी ही वही तिच्या हातात देणार आहे. वकिलाला द्यायची तर वकिलाला दे म्हणेन. लाल पेन घेऊन बसा म्हणावं दोघं. एक गोल काढून दाखवा.